होडीतला गॅस : पेटी झाली, शेगडी टांगली

कॅबिनचा रंग वाळतोय तोवर गॅसचं काम हाती घेतलं. शेगडी कुठली घेतली, असं बऱ्याच जणांनी विचारलंय. घरात असते तीच, दोन बर्नरची, आयएसआय शिक्क्याची. शेगडीत फार डोकं घालू नका. पैसा आणि वेळ घालायचा तो टाकीच्या पेटीत.

घरात गळलेला गॅस दाराखालून तरी निघून जातो. होडीला खाली दार नसतं. प्रोपेन हवेपेक्षा दीडपट जड, ब्युटेन दुप्पट, आणि आपल्या एलपीजीत दोन्ही असतात. गळला की तळात उतरून बसतो. हवेत जेमतेम दोन टक्के झाला तरी ठिणगी पुरते, आणि ती द्यायला बिल्ज पंपाचा, म्हणजे तळात साचलेलं पाणी उपसणाऱ्या पंपाचा, स्विच तिथे तयारच असतो.

म्हणून पेटी कॉकपिटमध्ये, म्हणजे बसायच्या उघड्या जागेत, कॅबिनच्या भिंतीला लागून. मरीन प्लाय, आतून फायबरग्लास आणि इपॉक्सी, झाकण फक्त वरून. गळलेला गॅस वाहून जायला तळातून 20 मिमीची नळी उताराने थेट होडीबाहेर, तिचं तोंड भरल्या होडीच्या पाणरेषेच्या वर. बादलीभर पाणी पेटीत ओतलं, ते सगळं बाहेर पडलं, आत टॉर्च मारून जोड पाहिले तर कोरडे. टाकी 5 किलोची, बाजारभावाची. घरगुती कनेक्शनची लाल टाकी यात अडकवू नका, ती घरापुरतीच द्यायची असते.

पेटीतून गॅलीपर्यंत, म्हणजे होडीतल्या स्वयंपाकाच्या जागेपर्यंत, तांब्याची एकसंध नळी, मध्ये एकही जोड नाही. नळी आणि फ्लेअर, म्हणजे जोडासाठी पसरवलेली नळीची तोंडं, दोन्ही एसीवाल्याकडून. ‘काय ओ मालक, होडीला एसी बसवताव?’ म्हणत त्याने फ्लेअर मात्र झकास मारून दिले. भिंतीतून नळी जाते तिथे घट्ट ग्लँड, म्हणजे भोक बंद करणारी बूच, नाहीतर एवढ्या पेटीचा उपयोग काय? शेवटचा तुकडा केशरी सुरक्षा होजचा, कारण होडी कलली तरी भांडं सरळ राहावं म्हणून शेगडी झुलणार.

झुलण्याने मात्र दमवलं. परदेशी शेगडीखाली ओव्हनचं वजन असतं, आपली शेगडी म्हणजे नुसता पत्रा. वर भरलेला कुकर ठेवला की जड भाग वर आणि सगळं उलटायला टपलेलं. शेवटी फॅब्रिकेटरकडून दोन्ही बाजूंना उंच हात करून घेतले, म्हणजे शेगडी जिच्यावर झुलते ती खिळ भांड्याच्या पोटाच्या पातळीला येते, आणि खाली जाड लोखंडी पट्टी बोल्ट केली. आता होडीखालच्या ट्रेलरची एक बाजू जॅकने उचलली तरी कुकर सरळ राहतो. भांडी धरायला कडेने स्टीलच्या पट्ट्या आहेतच.

गळती तपासायला साबणाचं पाणी हवंच, पण माझा भरवसा गवंड्याच्या लेव्हल ट्यूबवर, म्हणजे पारदर्शक नळीवर. यू आकारात फळीवर ठोकली, रंगीत पाणी भरलं, एक टोक शेगडीजवळच्या टी-जोडाला. घरगुती रेग्युलेटरचा दाब म्हणजे साधारण 30 सेंटिमीटर पाण्याचा फरक. बर्नर बंद असताना थोडा जास्त दिसतो, ते ठीक. मग रेग्युलेटर बंद करायचा आणि पाण्याच्या रेघेवर नजर ठेवायची; फरक घटला तर गळती.

यात सोलापूरचं ऊन घोळ घालतं. बंद नळीतला गॅस एखादा अंश तापला तरी पाणी सेंटिमीटरभर वर सरकतं, म्हणजे बारीक गळती असली तरी दुपारी ती झाकली जाते. सकाळी लवकर, सावलीत, शेडचा पत्रा तापायच्या आत बघा. माझी रेघ पहाटे लावली ती चहा होईपर्यंत जागची हलली नाही. चहा अर्थात घरच्या शेगडीवर, लाइनवर टेस्ट चालू होती ना.

उरलंय ते असं. गॅस डिटेक्टर तळाशी, अगदी खाली, पण पाणी साचणार नाही एवढ्या उंचीवर. स्वयंपाक चालू असताना वरची खिडकी उघडीच राहील अशी अडकण, कारण बंद कॅबिनमध्ये कार्बन मोनॉक्साइड हा वेगळाच ताप. आणि पेटीत 12 व्होल्टचा सोलेनॉइड, म्हणजे विजेवर चालणारा व्हॉल्व्ह, त्यामुळे गॅलीतूनच गॅस बंद करता येईल. उजनीत पाणी चढायच्या आत एवढं उरकायचंय. सोलेनॉइड कुणी वापरला असेल तर सांगा, तासभर चालू ठेवला तर बॅटरी किती खातो?