तुम्ही विचारलंत म्हणून: आधी घर, मग काम

बेळगावजवळच्या हिंडलग्याच्या जेलमधून जन्मठेप भोगून आलेल्यांच्या घरी माझं जाणं-येणं असतं हे कळलं की बहुतेकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "बाई, त्यांना काम कुठं लावून देता?" विचारणारा भल्या मनाने विचारतो, म्हणून नीट उत्तर देते.

काम मिळतं. बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीतल्या फाउंड्र्यांना माणसं लागतात, खानापूरकडच्या वीटभट्ट्यांना लागतात, ऊसतोडीच्या हंगामात तर कोण कुठला हे फारसं कुणी विचारत नाही. पण संध्याकाळी परतायला घर नसेल तर तो माणूस कामावर टिकत नाही. आणि घर काही सुटकेच्या दिवशी उभं करता येत नाही. तो आत असतो तेवढी सगळी वर्षं ते कुणीतरी राखावं लागतं. माझा बहुतेक वेळ या राखणीतच जातो.

जन्मठेप म्हणजे १४ वर्षं, असा आपल्याकडे पक्का समज आहे. कायद्याने जन्मठेप म्हणजे मरेपर्यंत. ज्या गुन्ह्याला फाशीही होऊ शकते, त्यात १४ वर्षं प्रत्यक्ष आत काढल्याशिवाय सरकारला शिक्षेत सूट देऊन सोडता येत नाही, असं कलम १९७८ मध्ये आलं. १४ वर्षांनी सुटकेचा हक्क मिळत नाही, फक्त अर्जाचा विचार होतो. २००० साली लक्ष्मण नस्कर खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्यासाठी निकष सांगितले. हा पुन्हा गुन्हा करेल का, हे त्यात आहेच. कुटुंबाची सामाजिक आणि आर्थिक स्थिती काय, हेही आहे. ज्याला भेटायला वर्षानुवर्षं कुणी आलेलं नाही, त्याच्यासाठी अर्जामागे धावणारंही कुणी उरत नाही.

आणि येणं हळूहळू थांबतंच. सुरुवातीला सगळे येतात. मग आई थकते, बायको माहेरी जाते, भावांच्या वाटण्या होतात. खानापूरच्या खेड्यातून बेळगाव, तिथून दुसरी बस धरून हिंडलगा, मुलाखतीसाठी, म्हणजे कैद्याला भेटण्यासाठी, नाव नोंदवून थांबायचं, काही मिनिटं बोलायचं आणि दिवसाची मजुरी बुडवून परत यायचं. जून २०२३ पासून कर्नाटक सरकारच्या शक्ती योजनेत बायकांना सरकारी बसचा प्रवास फुकट झाला, तेव्हापासून आया-बायकांच्या फेऱ्या मी डोळ्यांनी वाढलेल्या पाहिल्यात. कैद्यांसाठी म्हणून केलेली ती योजना नव्हे, पण मला विचाराल तर त्यांची घरं जोडून ठेवायला तिची फार मदत झाली. चंदगडच्या बाईला मात्र ती नाही, कारण पत्ता महाराष्ट्राचा.

खानापूर तालुक्यातल्या एकाचं सांगते. आत गेला तेव्हा मराठी शाळेतली चौथी. आत कानडी कैद्यांच्या संगतीने कानडी लिहा-वाचायला शिकला. सुटून आल्यावर कितीतरी दिवस कट्ट्यावर त्याच्या शेजारी कुणी बसेना. एकदा शेजारच्या काकूंना तहसील कचेरीची नोटीस आली, सगळी कानडीत. मुलगा पुण्याला. कागद हातात धरून त्या दारात घुटमळत होत्या. मी तिथेच होते. त्याने कागद घेतला, ओळीखाली बोट धरून वाचत गेला, एका शब्दापाशी अडला, मागे जाऊन पुन्हा वाचलं. मग म्हणाला, "काकू, काकांच्या नावची जमीन तुमच्या नावावर चढवणार हाईत. कुणाची हरकत असली तर ह्या तारखेच्या आत सांगा म्हणतायत. भ्यायचं काय नाही." काकूंनी त्याला आत बोलावलं आणि चहा दिला. आता पहाणीचा उतारा (आमच्याकडचा सातबारा), बँकेचं पत्र, वीजबिल, काहीही घेऊन लोक त्याच्याकडे येतात. त्याला मी वीटभट्टीवरही लावून दिलं असतं, पण गावात अशी जागा मला मिळवून देता आली नसती.

ज्यांचा माणूस खुनात गेला त्यांचं काय, हेही विचारतात. विचारायलाच हवं. पुष्कळदा ते घर त्याच गल्लीत असतं. सुटकेची कुणकुण लागली की मी आधी त्यांच्याकडे जाते. कुणालाही माफ करा असं म्हणत नाही. तो हक्क माझा नाही. त्यांचं म्हणणं ऐकून घेते. एका घरातल्या आजी म्हणाल्या, "त्यानं आमच्या दारावरनं जाऊ नये, एवढंच." तेव्हापासून तो मळ्यातल्या खोलीत राहतो आणि वळसा घालून ये-जा करतो. कैद्यांच्या मजुरीतला काही भाग पीडितांसाठी ठेवावा, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्येच सांगितलंय, आणि मला ते मनापासून पटतं.

सातारच्या बाजूचं औंध संस्थान या बाबतीत आपल्या फार पुढे होतं. आटपाडीजवळ १९३९ मध्ये त्यांनी स्वतंत्रपूर हे खुलं कारागृह वसवलं. तिथे कैदी बायकामुलांसह राहून शेती करतात. कर्नाटकातलं खुलं कारागृह आहे देवनहळ्ळीकडे, बेळगावहून पाचशे किलोमीटरच्या आसपास. आमच्या भागात एक तरी हवं, म्हणजे घर तुटायचीच वेळ येणार नाही.

तोवर तुमच्या गावचं कुणी आत असेल, तर त्याच्या आईला एकदा मुलाखतीला घेऊन जा. तिचं आधार कार्ड बरोबर घ्या, गेटवर ओळखपत्र मागतात.