करवतीचे दात गेले! (कर्ली खाडी सर्व्हे)

होडीतून साउंडरने (आवाज तळावर आपटून परत यायला लागणाऱ्या वेळेवरून खोली सांगणारी पेटी) कर्ली खाडीच्या तळाचा नकाशा काढणं चाललंय. मागच्या वेळी टाकलेल्या नकाशात रेषांना करवतीसारखे दात पडले होते. देवबागला, कर्लीच्या मुखाशी, वाळूच्या उतारावर समखोलीच्या रेषा दर फेरीला आत-बाहेर उड्या मारत होत्या. शेजारच्या दोन फेऱ्यांत खोलीत 60 सेंटिमीटरचा फरक! दोन महिने यात गेले. रविवारी कारण सापडलं.

पहिला संशय ध्वनिवेगावर होता. साउंडर सेकंदाला 1500 मीटर धरतो. भरतीचं पाणी 28 अंश, क्षारता 35. सूत्रात घातलं की 1541 येतात. क्षारतेला मत्स्यटाकीवाल्यांचा साधा रिफ्रॅक्टोमीटर वापरला, आपल्या कामाला तो पुरतो. मग बार चेक, म्हणजे माहीत असलेल्या खोलीवर प्लेट धरून साउंडर तपासणं. गावातल्या वेल्डरने करून दिलेली स्टीलची प्लेट साखळीने खाली सोडली (दोरी घेऊ नका, भिजली की ताणते). 5 मीटरवरची प्लेट साउंडरने 4.87 दाखवली. 1500 भागिले 1541, गुणिले 5. हिशेब इतका चोख जुळला की होडीतच वही काढून तीनदा करून पाहिला. वेग दुरुस्त केला, तरी दात जागच्या जागी. ही चूक जाता-येता सारखीच येणार, तिने दात पडतील कसे?

मग भरती-ओहोटी. मुद्दाम भांगाची (पाणी सगळ्यात कमी चढतं-उतरतं ती) अष्टमी धरली, जेटीच्या खांबाला पट्टी बांधून दर दहा मिनिटांनी पाणी वाचलं. तरी दात होतेच.

वाट दाखवली ती आमच्या तांडेलकाकांनी. सपाट तळावर शिसं सोडून म्हणाले, “हय तीन वाव पाणी आसा.” साउंडरवर साडेपाच मीटर, म्हणजे तीन वावच! सपाटीवर सगळं जुळतं, बिघडतं फक्त उतारावर. म्हणजे खोली बरोबर आहे, जागा चुकतेय.

लगेच उताराला काटकोनात एकच ओळ धरली, त्याच वेगाने एकदा वर, एकदा खाली. वेग सेकंदाला अडीच मीटर. वाळूची तीच कड दोन फेऱ्यांत 6 मीटर सरकलेली! निम्मे 3 मीटर, म्हणजे 1.2 सेकंदांचा उशीर. साउंडरमधलं सरासरी काढणारं सेटिंग ‘हाय’वर होतं, पेटी मागची खोली आत्ताच्या जीपीएसला चिकटवत होती. ते बंद केलं, सरकणं 1 मीटरवर आलं. उरलेले 0.2 सेकंद पायथन प्रोग्राममध्ये वळते केले. क्यूजीआयएसमध्ये (नकाशे काढायचं सॉफ्टवेअर) रेषा सरळ उमटल्या तेव्हा घरातल्या सगळ्यांना बोलावून दाखवल्या. माझं मत पक्कं झालंय: मासे शोधायला ते सेटिंग ठीक, सर्व्हेला नकोच.

पुढे मालवणच्या खडकांकडे जायचं ठरलं होतं. पण हे लिहिताना वाटतंय, ते थांबवावं. याच ओळी पावसाआधी एकदा आणि नारळी पौर्णिमेनंतर एकदा मारल्या तर वाळूचा दांडा किती सरकला ते कळेल. पौर्णिमेनंतरच्या फेरीत वर नदीचं गोडं पाणी, खाली खारं. ध्वनीचा एकच वेग चालणार नाही. बार चेक मीटरामीटराला घ्यावा लागेल. वेल्डरकडे आणखी 4 मीटर साखळी सांगून ठेवलीय.