टीपी माझेंबे आणि तांब्याचे शहर

डिसेंबर २००९ मध्ये अबू धाबीत झालेल्या क्लबांच्या विश्वचषक स्पर्धेत काँगोच्या टीपी माझेंबे या संघाने दोन सामने खेळले आणि दोन्ही गमावले. पहिल्या सामन्यात दक्षिण कोरियाच्या पोहांग स्टीलर्सने त्यांना २-१ असे हरवले. दुसऱ्यात, हौशी आणि अर्धवेळ खेळाडूंच्या बळावर उभ्या असलेल्या न्यूझीलंडच्या ऑकलंड सिटीने त्यांच्यावर ३-२ अशी मात केली. आफ्रिकेचा विजेता म्हणून गेलेला संघ सहावा आला. पुढच्याच वर्षी त्याच शहरात, त्याच स्पर्धेत, हाच संघ अंतिम सामन्यात इंटर मिलानसमोर उभा होता. युरोप आणि दक्षिण अमेरिकेबाहेरच्या एखाद्या क्लबने या स्पर्धेची अंतिम फेरी गाठण्याची ती पहिलीच वेळ होती.

या कामगिरीविषयी जेव्हा जेव्हा लिहिले जाते, तेव्हा 'चमत्कार' हा शब्द हमखास वापरला जातो. मला तो शब्द अन्यायकारक वाटतो. चमत्कार म्हटले की त्यामागचे कष्ट, नियोजन आणि पैसा या सर्वांवर पडदा पडतो आणि आफ्रिकेतल्या एका क्लबने जे विचारपूर्वक घडवले, ते दैवाच्या खात्यावर जमा होते. माझेंबेची गोष्ट समजून घ्यायची तर बरेच मागे जावे लागते.

काँगोच्या आग्नेय टोकाला, झांबियाच्या सीमेजवळ, लुबुंबाशी हे शहर आहे. राजधानी किन्शासा तिथून दीड हजार किलोमीटरहून अधिक दूर आहे. कटांगा प्रांतातल्या तांब्याच्या खाणींसाठी बेल्जियन राजवटीने हे शहर वसवले आणि त्याचे नाव एलिझाबेथविल ठेवले. तिथे सेंट बोनिफेस संस्था चालवणाऱ्या बेनेडिक्टाइन मिशनऱ्यांनी, धर्मगुरू होऊ न इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी काहीतरी उपक्रम असावा म्हणून, १९३९ मध्ये फुटबॉलचा एक संघ उभा केला. सेंट जॉर्ज हे त्याचे पहिले नाव होते. पुढे तो सेंट पॉल झाला आणि मिशनऱ्यांचा हात सुटल्यावर एंगलबर्ट नावाच्या टायर कंपनीचे नाव त्याला मिळाले. १९६६ मध्ये एकही सामना न हरता साखळी जिंकल्यावर 'तू प्विसां', म्हणजे सर्वशक्तिमान, हे बिरुद नावापुढे जोडले गेले. टीपी ही त्याचीच आद्याक्षरे आहेत. काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या गणवेशामुळे खेळाडूंना 'कावळे' म्हणतात, आणि क्लबच्या चिन्हावर मात्र जबड्यात चेंडू धरलेली मगर आहे.

ज्या काळात हा संघ मोठा झाला, तो काळ शांततेचा नव्हता. १९६० मध्ये काँगो स्वतंत्र झाला आणि त्यानंतर काही दिवसांतच कटांगाने फुटून निघण्याची घोषणा केली. ते बंड १९६३ पर्यंत चालले. अशा जखमी प्रांतातल्या या क्लबने १९६७ ते १९७० अशी सलग चार वर्षे आफ्रिकेतल्या विजेत्या क्लबांच्या स्पर्धेची अंतिम फेरी गाठली, हे मला २०१० इतकेच थोर वाटते. १९६७ च्या अंतिम फेरीत घानाच्या असांते कोटोकोविरुद्धचे दोन्ही सामने १-१ आणि २-२ असे बरोबरीत सुटले, तिसऱ्या निर्णायक सामन्याला कोटोको हजर राहिले नाहीत आणि चषक एंगलबर्टकडे, म्हणजे आजच्या माझेंबेकडे, आला. असा विजय कुणाला अर्धवट वाटू शकेल; पण पुढच्या वर्षी त्यांनी टोगोच्या एत्वाल फिलांतला पहिल्याच सामन्यात ५-० असे हरवून शंकेला जागा ठेवली नाही. हे विजेतेपद लागोपाठ दोनदा मिळवणारा तो पहिला क्लब ठरला आणि नायजेरियाच्या एन्यिंबाने २००४ मध्ये बरोबरी करेपर्यंत दुसऱ्या कुणालाही ते जमले नाही. १९६९ मध्ये इजिप्तच्या इस्माइलीने त्यांना रोखले, तर १९७० मध्ये कोटोकोने जुना हिशेब चुकता केला. १९६८ मध्ये काँगोने घानाला १-० असे हरवून आफ्रिका चषक जिंकला, तेव्हा तो एकमेव गोल करणारा पिएर कालाला याच क्लबचा होता.

त्यानंतर १९८० मध्ये जिंकलेल्या आफ्रिकेच्या कप विनर्स कपचा अपवाद सोडला, तर दीर्घ उतरण आहे. हुकूमशहा मोबुटूच्या राजवटीत देशाची अर्थव्यवस्था पोखरली गेली, जेकामिन्स ही सरकारी खाण कंपनी कोसळली आणि तिच्याबरोबर लुबुंबाशीच्या घराघरांतली मिळकत आटली. मग १९९६ पासून युद्धे सुरू झाली. या काळाविषयी फार लिहिण्यासारखे नाही. चांगला खेळाडू तयार झाला की तो देश सोडून जाई, आणि तसे करण्यावाचून त्याला दुसरा मार्गही नव्हता.

१९९७ मध्ये मोईज काटुंबी क्लबचे अध्यक्ष झाले. खाणकाम आणि वाहतुकीच्या व्यवसायात त्यांनी मोठी संपत्ती मिळवली होती आणि २००७ ते २०१५ या काळात ते कटांगाचे गव्हर्नरही होते. त्यांच्या धोरणाचा गाभा साधा होता. युरोपातल्या दुय्यम साखळ्यांत जाऊन मिळेल त्याच्या तोडीचे वेतन लुबुंबाशीतच द्यायचे, ते वेळेवर द्यायचे आणि खेळाडूंना घरीच राहू द्यायचे. ट्रेसॉर म्पुतूसारखा विलक्षण आघाडीवीर ऐन उमेदीची वर्षे काँगोतच खेळत राहिला, त्यामागे हेच कारण होते. शिवाय सीमा जवळ असल्यामुळे झांबियाचे उत्तम खेळाडू आणता आले. रेनफोर्ड कलाबा, स्टोपिला सुंझू आणि नाथन सिंकाला हे तिघेही माझेंबेचे. २०१२ मध्ये झांबियाने लिब्रव्हिलमध्ये आयव्हरी कोस्टला हरवून आफ्रिका चषक जिंकला, तेव्हा निर्णायक पेनल्टी सुंझूनेच मारली. एका क्लबच्या वेतनपत्रकाचा परिणाम शेजारच्या देशाच्या इतिहासावर असा उमटला.

२००९ मध्ये नायजेरियाच्या हार्टलँडला प्रतिस्पर्ध्याच्या मैदानावर केलेल्या गोलच्या आधारे मागे टाकून माझेंबेने एकेचाळीस वर्षांनी आफ्रिकेचे विजेतेपद परत मिळवले. २०१० मध्ये मात्र आधाराची गरजच पडली नाही. अंतिम फेरीच्या पहिल्या सामन्यात लुबुंबाशीत त्यांनी ट्युनिसच्या एस्पेरान्सचा ५-० असा धुव्वा उडवला. हे सर्व म्पुतूशिवाय घडले, याकडे मी मुद्दाम लक्ष वेधतो. त्याच वर्षी किगालीतल्या एका स्पर्धेत पंचांवर धावून गेल्याबद्दल त्याच्यावर वर्षभराची बंदी आली होती. आपला सर्वोत्तम खेळाडू गमावूनही जो संघ आदल्या वर्षीपेक्षा सरस खेळतो, त्याचे यश एका माणसाच्या प्रतिभेवर उभे नसते.

अबू धाबीत प्रशिक्षक लमीन एनडियाये यांच्या संघाने प्रथम मेक्सिकोच्या पाचुकाला बेदीच्या गोलवर १-० असे नमवले. १४ डिसेंबरच्या उपांत्य सामन्यात समोर होता ब्राझीलचा इंटरनॅसिओनल, त्या वर्षीचा दक्षिण अमेरिकेचा विजेता. ब्राझिलियन संघाने अधिक संधी निर्माण केल्या, यात वाद नाही. परंतु गोलरक्षक रोबेर किडियाबाने एकामागून एक फटके अडवले, बचावफळीने आपली रचना मोडू दिली नाही, आणि ५३ व्या मिनिटाला कबांगूने चेंडू वळवून जाळ्याच्या कोपऱ्यात मारला. ८५ व्या मिनिटाला कालुयितुकाने डावीकडून आत शिरत दुसरा गोल केला, आणि किडियाबाने जमिनीवर बसून, पाय पसरून, बैठकीवरच उड्या मारत पुढे सरकण्याचा आपला प्रसिद्ध जल्लोष साजरा केला. अनेकांना तो जल्लोष तेवढाच आठवतो, याचे मला वाईट वाटते, कारण त्याआधीची दीड तासाची गोलरक्षकाची एकाग्रता हे त्या सामन्याचे खरे वैभव होते. १८ डिसेंबरच्या अंतिम सामन्यात इंटर मिलानने पांदेव आणि एतो यांच्या गोलांवर पहिल्या सतरा मिनिटांतच दोनाची आघाडी घेतली आणि शेवटी ३-० असा विजय मिळवला. पराभव निर्विवाद होता. त्यानंतर २०१३ मध्ये मोरोक्कोच्या राजा कासाब्लांकाने ती पायरी पुन्हा गाठली.

२०११ हे वर्ष क्लबला दुहेरी अनुभव देणारे ठरले. कामालोंडो वस्तीत सुमारे साडेअठरा हजार आसनांचे स्वतःच्या मालकीचे मैदान उभे राहिले. आफ्रिकेत बहुसंख्य मोठे क्लबही सरकारी मैदानांवर खेळतात, हे लक्षात घेतले तर याचे मोल कळते. त्याच वर्षी बोकुंगू या अपात्र खेळाडूला खेळवल्याबद्दल आफ्रिकन महासंघाने गतविजेत्या माझेंबेला चॅम्पियन्स लीगमधून बाद केले. सलग तिसरे विजेतेपद त्यांनी मिळवले असते की नाही, हे आता सांगता येणार नाही. पण एवढ्या व्यावसायिक क्लबने कागदपत्रांत अशी ढिलाई दाखवावी, हे मला आजही खटकते.

पाचवे विजेतेपद २०१५ मध्ये आले. पात्रिस कार्तेरों यांच्या मार्गदर्शनाखाली अल्जीरियाच्या यूएसएम अल्जरला दोन्ही सामन्यांत हरवणाऱ्या त्या संघात टांझानियाचा म्ब्वाना समाटा होता, आणि गोलजाळ्यात वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी किडियाबाच होता. समाटा पुढे बेल्जियमच्या गेंकला गेला आणि इंग्लंडच्या प्रीमियर लीगमध्ये खेळणारा पहिला टांझानियन ठरला. २०१६ आणि २०१७ मध्ये आफ्रिकेतली दुसऱ्या क्रमांकाची स्पर्धा, कॉन्फेडरेशन कप, माझेंबेने लागोपाठ जिंकली.

खाणीच्या पैशावर उभ्या राहिलेल्या फुटबॉलची ओळख आपल्याकडे गोव्यात आहे. धेंपो आणि साळगांवकर हे क्लब लोहखनिजाच्या व्यवसायातल्या घराण्यांनी पोसले, त्यांनी राष्ट्रीय विजेतेपदे मिळवली, आणि २०१६ मध्ये दोघांनीही राष्ट्रीय साखळीतून अंग काढून घेतले. त्यामुळे काटुंबींच्या कर्तृत्वाविषयी आदर बाळगूनही एक काळजी मनातून जात नाही. ते देशाच्या राजकारणात विरोधी पक्षाचे मोठे नेते झाले, २०१६ ते २०१९ अशी तीन वर्षे त्यांना परदेशात काढावी लागली, आणि २०२३ च्या राष्ट्राध्यक्षपदाच्या निवडणुकीत ते दुसऱ्या क्रमांकावर राहिले. त्यांच्या राजकीय अडचणींची झळ क्लबला बसणे अटळच होते, आणि एका माणसाच्या तिजोरीवर चालणाऱ्या संस्थेचे त्याच्यानंतर काय, या प्रश्नाला मैदान बांधून अर्धेच उत्तर मिळते.

उरलेले अर्धे उत्तर कदाचित क्लबने स्वतः घडवलेल्या खेळाडूंकडे असेल. काटुंबींच्या नावाची अकादमी तरुणांना घडवते आहे, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये माझेंबेच्या महिला संघाने मोरोक्कोत, यजमान देशाच्याच एएस एफएआर या संघाला १-० असे हरवून आफ्रिकेची महिला चॅम्पियन्स लीग जिंकली. पुरुषांच्या पाच विजेतेपदांच्या रांगेतच, त्याच अक्षरांत, हे सहावे विजेतेपद लिहिले जावे, असे मला मनापासून वाटते.