आय डिसॲग्री

आज ट्युटोरियलमध्ये माझ्या ग्रुपमधली व्हिएतनामी मुलगी चक्क ट्यूटरला म्हणाली, आय डिसॲग्री. आवाज थरथरत होता, पण म्हणाली. हीच मुलगी पहिल्या सेमिस्टरला डाउट असला तरी क्लासमध्ये गप्प बसायची आणि रात्री ईमेल करायची.

नंतर मेलबर्नच्या फुट्सक्रे भागात फो (व्हिएतनामी नूडल सूप) खाताना विचारलं, एवढी डेअरिंग कुठून आली गं? तर म्हणे आमच्या भाषेत सरांशी बोलताना स्वतःला 'एम' म्हणतात, म्हणजे धाकटं भावंड, मग धाकट्याने मोठ्याला तुम्ही चुकलात कसं म्हणायचं? इंग्रजीत नुसतं आय आणि यू, वाद घालायला बरं पडतं.

आणि आम्ही समजत होतो हिचं इंग्लिश कच्चं आहे! (वाचून यायची सगळ्यात जास्त तीच, हे कुणी बघितलंच नाही.)

आपल्याकडे तर 'मी' आहे की, तरी दहावीपर्यंत वर्गात मी तो कधी वापरल्याचं आठवत नाही.

२० नोव्हेंबरला त्यांच्याकडे शिक्षक दिन असतो, हनोईच्या जुन्या बाईंना ती अजून मेसेज करते. म्हटलं, त्यांच्याशी घालशील का वाद? हसली. म्हणाली, घालेन, पण 'एम' म्हणूनच.