सवलत नव्हे, सोय

मंगळवार, रात्र

ताई आज चार महिन्यांच्या आजारपणाच्या रजेनंतर रुजू झाल्या. हजेरीपत्रकावर सही करताना पेन मुठीत धरलं होतं. सही जुनीच, पण शेवटचा फराटा अर्ध्यावर सुटला.

रजेच्या काळात माझ्याकडून एक चूक झाली. त्यांचं वैद्यकीय प्रमाणपत्र मी हजेरीच्या फाइलला लावलं. ती फाइल सगळ्यांच्या हाताखालची. दोन दिवसांत आजाराचं नाव ऑफिसभर झालं आणि नाही नाही ते सल्ले त्यांच्या फोनवर जाऊ लागले. खरं तर मला एवढंच कळायला हवं होतं, की कोणतं काम जमणार नाही, किती दिवस, आणि पुन्हा तपासणी कधी. आता ते कागद माझ्या कपाटात, कुलपात आहेत. आज माफी मागितली. "जाऊ द्या," म्हणाल्या, पण मान वर केली नाही. आजाराचं नाव मी इथेही लिहीत नाही.

मग समोरासमोर बसलो. मी सगळं ठरवूनच आलो होतो. नवी खुर्ची, मोठा स्क्रीन, खर्चाचा अंदाजसुद्धा काढलेला. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "सर, खुर्ची चांगलीच आहे. बॉक्स फाइलची क्लिप दाबली जात नाही. आणि सकाळी दहापर्यंत बोटं वळत नाहीत." मी शेल्फवरची एक फाइल काढून क्लिप स्वतः दाबून पाहिली. खट्कन वाजली. इतकी वर्षं हा आवाज ऐकतोय, त्याला अंगठ्याचा केवढा जोर लागतो ते आज कळलं.

ठरलं ते असं. त्या साडेदहाला येतील, उशिरा निघतील; तास तेवढेच, पगार तोच. फाइलिंग दुसऱ्याकडे, त्याच्याकडची बँकेची जुळवणी ताईंकडे. सहा आठवड्यांनी पुन्हा बसायचं. सगळं दोघांच्या सहीनं कागदावर घेतलं. रजेमुळे वार्षिक पगारवाढ अडवायची नाही, हेही त्यात लिहिलं.

दुपारी एकानं विचारलं, "ताईंनाच उशिरा यायची सवलत का?" रागानं नव्हे, सहजच. कारण सांगायला मी मोकळा नव्हतो. "वेळ बदललीय, काम तेवढंच आहे. तुम्हाला अडचण आली तर तुम्हीही सांगा," एवढंच म्हणालो. पण तो शब्द दिवसभर खुपत राहिला. सवलत म्हटली की देणाऱ्याचे उपकार आले. मी दिली ती सोय आहे, आणि ती त्यांच्या हक्काची आहे. संयुक्त राष्ट्रांच्या २००६ च्या दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांच्या करारानं हे स्पष्टच केलंय: न झेपणारा बोजा पडत नसेल, तर अशी वाजवी सोय नाकारणं हा भेदभाव. आमच्या नियमावलीत अजून 'सवलत' असंच छापलंय. ते बदलायचं.

निघताना ताईंनी विचारलं, "पुन्हा रजा लागली तर?" "लागेल तेव्हा सांगा," मी लगेच म्हणालो. पण त्यांच्या जागी कोण बसेल याची तजवीज मी केलेलीच नाही. या वेळी चार महिने दोघांनी मुकाट्यानं जास्तीचं काम ओढलं. उद्या त्या दोघांशी बोलायचंय, ताई यायच्या आत.