प्रयोगशाळेसाठी निधी मिळाला, फाइल अडली ती फलकापाशी

कंपनीकडून तिच्या सामाजिक दायित्वाचा (सीएसआर) निधी मिळवणे हेच अवघड काम असेल, अशी आमच्या विभागाची समजूत होती. प्रत्यक्षात प्रस्ताव, अंदाजपत्रक आणि करारनामा सुरळीत पार पडले आणि फाइल अडली ती प्रयोगशाळेच्या दारावर लावायच्या फलकापाशी.

कंपनीच्या जनसंपर्क विभागाला दारावर आपले बोधचिन्ह ठळक हवे होते. आमच्या प्रशासकीय कार्यालयाने ‘विद्यापीठाच्या प्रतिमेस बाधा येते किंवा कसे, याबाबत स्वयंस्पष्ट अभिप्राय द्यावा’ असा शेरा मारून फाइल परत पाठवली. अभिप्राय दिला, तर ती विधी कक्षाकडे गेली. तेथून स्थापत्य विभागाकडे, कारण फलक भिंतीवर ठोकायचा होता. आणि तेथून ‘सक्षम प्राधिकाऱ्याची मान्यता आहे काय?’ अशी पृच्छा घेऊन पुन्हा माझ्याच टेबलावर आली. हा सक्षम प्राधिकारी कोण, हे मात्र कोणी लिहून देईना. याच काळात आमच्या वार्षिक महोत्सवाच्या मंडपावर खासगी शिकवण्यांच्या जाहिराती झळकत होत्या; त्यांची फाइल कोणी मागितल्याचे ऐकिवात नाही.

प्रतिमेची काळजी अनाठायी असते, असे मला म्हणायचे नाही. ओपिऑइड या व्यसन लावणाऱ्या वेदनाशामकांच्या विक्रीवरून वाद पेटल्यावर अमेरिकेतील टफ्ट्स विद्यापीठाने २०१९ मध्ये, ती विकणाऱ्या कंपनीचे मालक आणि विद्यापीठाचे देणगीदार असलेल्या सॅकलर कुटुंबाचे नाव आपल्या वैद्यकीय संकुलावरून उतरवले. मुंबई विद्यापीठाच्या राजाबाई टॉवरला देणगीदार प्रेमचंद रायचंद यांच्या आईचे नाव आहे आणि ते आज शहराच्या ओळखीचाच भाग झाले आहे. आमच्या फाइलवर मात्र देणारा कोण, त्याचा व्यवसाय कोणता, हा प्रश्न एकाही शेऱ्यात नव्हता. सारी चर्चा बोधचिन्हाच्या लांबी-रुंदीची.

कोंडी फुटली ती नियमामुळे. सीएसआरच्या २०१४ च्या नियमांत २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार, आपल्या उत्पादनांना किंवा सेवांना विपणनाचा लाभ व्हावा म्हणून दिलेले प्रायोजकत्व सीएसआर खर्चात धरता येत नाही. ही तरतूद कंपनीच्या सीएसआर अधिकाऱ्यांना दाखवताच बोधचिन्हाचा आग्रह मागे पडला आणि साध्या अक्षरांतील आभाराच्या दोन ओळींवर एकमत झाले. तोच नियम टिपणीला जोडल्यावर कार्यालयाकडे नवा शेरा उरला नाही, याचे मला अजूनही समाधान वाटते. तेव्हा फलकाचा मजकूर, त्याचा आकार आणि नाव किती वर्षे राहणार, हे करारनाम्याच्या परिशिष्टातच घालून घ्यावे आणि पत्रव्यवहार जनसंपर्क विभागाऐवजी सीएसआर विभागाशी ठेवावा.

खरे तर याच्याही आधी पाहायची गोष्ट म्हणजे सीएसआर-१ नोंदणी. कंपनीच्या वतीने प्रकल्प राबवणाऱ्या संस्थेला ती १ एप्रिल २०२१ पासून आवश्यक आहे आणि त्या अर्जावर व्यवसाय करणाऱ्या सनदी लेखापालाची, कंपनी सचिवाची किंवा परिव्यय लेखापालाची डिजिटल स्वाक्षरी लागते. उपकरणांच्या वार्षिक देखभालीचा खर्च कोणी करायचा, हेही कंपनीकडून त्याच वेळी लेखी घ्यावे.