तापल्यावरच दुखणारी गाडी

वाईत दुचाकीचे गॅरेज चालवायचे म्हणजे पसरणी घाटाने दमवलेल्या गाड्या दाराशी येणारच. तरीही एका एप्रिलमध्ये पाचशे सीसीच्या एका जुन्या बुलेटने मला दोनदा खोटे पाडले. गाडीचे मालक शाळेत शिक्षक होते. त्यांनी हौसेने मूळचा ६.५ कॉम्प्रेशनचा, म्हणजे सिलिंडरमधले पेट्रोल-हवेचे मिश्रण साडेसहा पट दाबणारा, पिस्टन काढून ८.५ चा बसवून घेतला होता, आणि तेव्हापासून घाट चढून गाडी थांबवली की ती पुन्हा सुरू होण्याचे नाव काढत नसे. वर किक अशी उलटी मारे की तिसऱ्या खेपेला सर घोट्याला पट्टी बांधूनच आले. "मिस्त्री, तुमच्या दारात ही अगदी शहाण्यासारखी वागते," ते म्हणाले. ते खरेच होते, कारण दोन्ही वेळा मी रात्रभर थंड झालेल्या इंजिनावर कार्ब्युरेटर साफ करून, मिक्श्चर लावून, एका किकमध्ये गाडी सुरू करून दाखवली होती.

या खेपेला मी पाने, स्क्रूड्रायव्हर आणि फट मोजायचे फीलर गेज पिशवीत टाकले, सरांना मागे बसवले आणि भर दुपारी पाचगणी गाठली. वर पोहोचताच गाडी बंद करून लगेच किक मारली, तर ती सुरू झाली. मग पुन्हा बंद केली आणि चहा पिऊन दहा मिनिटांनी परत आलो. आता मात्र ती मुकी झाली होती. गाडी चालू असताना वारा हेडची उष्णता वाहून नेतो. थांबल्यावर तीच उष्णता इनलेटमधून, म्हणजे मिश्रण इंजिनात शिरते त्या वाटेने, कार्ब्युरेटरकडे सरकते, त्यामुळे खरा त्रास गाडी थांबवल्याक्षणी होत नाही, थोड्या वेळाने होतो. कार्ब्युरेटरमध्ये पेट्रोल साठते त्या फ्लोटच्या वाटीला बोट लावले तर चटका बसला. खालचा स्क्रू सैल केल्यावर पेट्रोल बुडबुड्यांसह बाहेर आले, आणि प्लग काढला तो काळा व ओलाचिंब. पेट्रोल वाटीत उकळून इनलेटमध्ये उतरत होते, आणि सर मात्र गाडी सुरू होत नाही म्हणून आणखी चोक देऊन पेट्रोलचा मारा वाढवतच होते.

प्लग पुसून बसवला. चावी बंद, रेस पूर्ण उघडी आणि डी-कॉम्प्रेसर (सिलिंडरमधला दाब सोडून देणारी लिव्हर) दाबलेला, अशा स्थितीत सहा-सात किका मारून आत साठलेली वाफ बाहेर काढली. मग चावी लावून किक हलकेच दाबत नेली. अॅम्पियर मीटरचा काटा मधोमध येताच, म्हणजे पिस्टन टॉपजवळ (सर्वात वरच्या टोकाजवळ) आल्यावर, डी-कॉम्प्रेसर ओढून तो टॉपच्या जरा पुढे सरकवला, किक वर येऊ दिली आणि पूर्ण ताकदीने मारली. गाडीने किक उलटी फेकली. गुडघा ताठ ठेवला नव्हता म्हणून मी वाचलो.

इथे माझी चूक माझ्या लक्षात आली. सुरू न होणे आणि उलटी किक या एकाच दुखण्याच्या दोन खुणा आहेत, असे मी धरून चाललो होतो. ठिणगीची वेळ साधणाऱ्या पॉइंटचे झाकण काढून त्यांना उघडणारा कॅम बोटांनी फिरवला. सोडताच त्याने स्प्रिंगच्या जोराने झटकन मागे यायला हवे होते, पण तो नेला तिथेच राहिला. ऑटो अॅडव्हान्सची वजने, जी वेग वाढला की बाहेर उघडून ठिणगी लवकर पाडतात, ती उघडीच अडकली होती, म्हणजे किकच्या संथ फिरण्यालाही पूर्ण वेगातल्या टायमिंगची ठिणगी मिळत होती. पिस्टन टॉपला पोहोचण्याच्या फार आधी आत भडका उडे, आणि वाढलेल्या कॉम्प्रेशनमुळे त्याचा तडाखा अधिक बसे. तेलाचे दोन थेंब सोडून कॅम दहा-बारा वेळा पुढे-मागे केला, तेव्हा तो मागे येऊ लागला, आणि पुढच्या किकला गाडी सुरू झाली. थंड इंजिनावर हा दोष का दिसला नाही, याबद्दल माझा अंदाज असा की कोरडा पडलेला कॅम शाफ्टवर तापल्यावरच आवळत असावा.

गॅरेजमध्ये आल्यावर तो भाग पूर्ण उघडला. ग्रीस वाळून लाखेसारखे झाले होते. रॉकेलने धुऊन, गंज बारीक पॉलिशपेपरने काढून, नव्या स्प्रिंगा आणि पातळ तेल घातले. वजने मिटलेली असताना टॉपच्या आधी ०.८ मिलिमीटर हे नेहमीचे टायमिंग. या पिस्टनसाठी मी ते किंचित उशिराचे ठेवले. दाब वाढला की ठिणगीला फट ओलांडणे अवघड जाते, म्हणून प्लगचा गॅप ०.५ वर आणला. हेड आणि कार्ब्युरेटर यांच्यामध्ये उष्णता अडवायला बेकेलाइटचा जाड तुकडा बसवला, त्यासाठी लांब स्टड शोधण्यातच अर्धा दिवस गेला. थांबण्याच्या थोडे आधी पेट्रोलची तोटी बंद करावी, म्हणजे उकळायला वाटीत फारसे पेट्रोल उरत नाही, आणि गरम गाडीला चोक मुळीच देऊ नये, एवढे सरांना सांगितले. बिलातून आधीच्या दोन खेपांची मजुरी वजा केली.

मे महिन्यात आम्ही पुन्हा वर गेलो, त्याच टपरीवर तेवढाच वेळ बसलो. गाडी दुसऱ्या किकला सुरू झाली. पहिली फुकट गेली, कारण सर तोटी उघडायला विसरले होते.